थिंकपॅड टी४८०: जुन्यावर खर्च करायचा की नवा लॅपटॉप घ्यायचा?

लेनोवोचा थिंकपॅड टी४८० बाजारात आला २०१८ च्या सुरुवातीला. मोठ्या कंपन्यांनी तो आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घाऊक घेतला, भाडेकरार संपले, आणि तेच लॅपटॉप आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत सगळीकडे सेकंडहँड म्हणून मिळतात. काहींच्या घरी तो पहिल्यापासून आहे, काही जण तो स्वस्तात घेण्याच्या विचारात आहेत. दोघांचा प्रश्न एकच: यात रॅम, एसएसडी, बॅटरी घालून अजून काही वर्षं काढायची, की तेच पैसे नव्यात घालायचे?

आमचं उत्तर आधीच सांगतो. टी४८० वर खर्च करणं योग्य आहे. मात्र चार्जिंगचे पोर्ट शाबूत हवेत, बायोसला (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) कुणा कंपनीचं कुलूप नको, आणि एकूण खर्च तुम्ही बघत असलेल्या नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक-तृतीयांशात बसायला हवा. यातली एक अट जरी हुकली तरी हात आखडता घ्या. पुढे जे लिहिलंय ते या अटी तपासायच्या कशा आणि पैसे कुठल्या क्रमाने घालायचे, याबद्दल.

आधी प्रोसेसरचा आकडा वाचा

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच यंत्र सुरू होऊ देणारी सोय) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. टी४८० मध्ये बहुतेक वेळा आय५-८२५०यू किंवा आय५-८३५०यू असतो, वरच्या मॉडेलांत आय७-८५५०यू किंवा ८६५०यू. आकड्याची सुरुवात ८ ने, म्हणजे आठवी पिढी. हा लॅपटॉप रेघेच्या अलीकडे बसतो तो एवढ्यामुळेच, आणि म्हणूनच त्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे.

त्याचा थोरला भाऊ टी४७० मात्र रेघेच्या पलीकडे आहे. बाहेरून दोघांत फरक कळत नाही. झटकन ओळखायचं तर डाव्या बाजूला बघा: टी४७० ला लेनोवोच्या जुन्या, चौकोनी तोंडाच्या चार्जरची जागा आहे; टी४८० फक्त यूएसबी-सीवर चार्ज होतो. तरीही नावावर विसंबू नका. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि प्रोसेसरची ओळ वाचा. आकडा ७ ने किंवा ६ ने सुरू होत असेल तर पुढचा सगळा हिशेब बदलतो.

हा फरक नुसता मायक्रोसॉफ्टच्या कागदावरचा नाही. टी४७० मधला आय५-७२००यू दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आहे, ८२५०यू चार कोअरचा. तितक्याच १५ वॅटमध्ये इंटेलने या पिढीत कोअर दुप्पट केले. टॅली, क्रोमच्या पंधरा टॅब, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि सोबत व्हिडिओ कॉल एवढं एकाच वेळी चालू असलं की दोन कोअरचं यंत्र अडखळतं, चार कोअरचं ओढून नेतं. रॅम कितीही वाढवली तरी ही उणीव भरून निघत नाही.

टी४७० किंवा त्याहून जुनं काही हातात असेल तर रस्ते तीन. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तेवढी मुदत वापरून नव्याची तयारी करा. नाहीतर लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, ईमेल, लिब्रेऑफिस एवढंच काम असेल तर ते उत्तम चालतं. तिसरा रस्ता रूफससारख्या साधनाने अटी ओलांडून विंडोज ११ बसवण्याचा. तो चालतो, पण अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि मोठं वार्षिक अपडेट बहुतेक वेळा हातानेच चढवावं लागतं. जीएसटीची खाती, ग्राहकांचे पॅन, डिजिटल सहीचं टोकन असलेल्या ऑफिसात हा मार्ग धरू नये. लिनक्सवर जायच्या आधी आणखी एक पाहा: टॅली, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्या डोंगलसह (परवान्याच्या यूएसबी चावीसह), ई-निविदेसाठी लागणारी सहीची टोकनं ही सगळी विंडोज गृहीत धरून बनलेली आहेत. ज्या छापखान्याचं काम श्रीलिपीच्या जुन्या फाँटांवर चालतं त्याने फक्त सुरक्षेच्या भीतीने उडी मारू नये. ते यंत्र इंटरनेटवरून तोडून वेगळं ठेवावं आणि फायली पेनड्राइव्हने हलवाव्यात.

नावातलं एक अक्षर रॅम ठरवतं

टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, दोन्ही उघडे, डीडीआर४ लॅपटॉपच्या पट्ट्यांचे. लेनोवो अधिकृतपणे ३२ जीबीपर्यंत सांगते. टी४८०एस मध्ये एक भाग मदरबोर्डवर झाळलेला आणि एकच स्लॉट. नंतरच्या टी४९० चं तसंच. झाळलेली रॅम बिघडली तर मदरबोर्डच गेला असं धरा. शिवाय झाळलेली ८ आणि स्लॉटमध्ये १६ असं विषम जुळवलं तर वरचा काही भाग एकाच चॅनेलवर, म्हणजे संथ चालतो. म्हणून अपग्रेडच्या हेतूने सेकंडहँड घेत असाल तर सडपातळ 'एस'च्या मोहात पडू नका, साधा टी४८० घ्या.

किती रॅम लागेल हे दुकानदाराला विचारू नका, टास्क मॅनेजरला विचारा. नेहमीचं सगळं काम उघडा, तासभर तसंच चालू द्या, मग परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. वापर ८५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर रॅम वाढवायला हवी. ६० च्या आसपास असेल तर यंत्राच्या संथपणाचं कारण दुसरं आहे, आणि ते बहुधा डिस्क. त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड'पुढे २ पैकी १ दिसलं तर तुमचं नशीब चांगलं: आधीची ८ जीबीची पट्टी ठेवून शेजारी आणखी ८ ची लावली की काम झालं. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की मेमरी दोन चॅनेलवर चालते, आणि या लॅपटॉपचं ग्राफिक्स मेमरीवरच जगत असल्याने व्हिडिओ आणि बाहेरच्या मॉनिटरवर फरक जाणवतो.

पट्टी २६६६ किंवा ३२०० वेगाची मिळाली तरी बसते, ती २४०० च्या वेगाने चालेल. जास्त वेगाचे जास्त पैसे देऊ नका. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआयच्या सर्व्हरकडे वळवलं. जुनी डीडीआर४ ही त्यातून सुटली नाही. त्यामुळे वर्षभरापूर्वीचे भाव मनात धरून हिशेब करू नका. आणि भंगारात निघालेल्या लॅपटॉपमधून काढलेली सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनची पट्टी बिनदिक्कत घ्या. रॅम झिजणारी वस्तू नाही. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं साधन रात्रभर चालवून सकाळी एकही चूक दिसली नाही तर ती पट्टी नव्यासारखीच आहे. दुकानदाराने आठवड्याची बदलून देण्याची कबुली मात्र बिलावर लिहून द्यायला हवी.

कोकणात, गोव्यात, मुंबईत दमट हवेने पट्टीचे सोनेरी पाय काळवंडतात आणि यंत्र सुरूच होत नाही, नुसतं बीप करतं. पांढऱ्या खोडरबराने पाय हलकेच घासा, कण झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॅम गेली म्हणून नवी विकली जाते त्यातल्या कितीतरी वेळा एवढंच करायचं असतं.

एसएसडी: इथे कंजूषी नको, उधळपट्टीही नको

टी४८० मध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर बाकी सगळं सोडा आणि पहिले पैसे एसएसडीवर घाला. विंडोज ११ हार्ड डिस्कवर चालवणं म्हणजे यंत्र सुरू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर खिळलेली बघत बसणं. रॅम दुप्पट केली तरी तो आकडा खाली येत नाही.

या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्कची जागा आहे. तिथे दोन गोष्टी बसतात. एक, साधी सॅटा एसएसडी, ७ मिलिमीटर जाडीची. आहे त्याच ट्रेमध्ये, आहे त्याच केबलला. दोन, एनव्हीएमई ही सॅटाहून वेगवान प्रकारची एसएसडी, पण त्यासाठी वेगळा अडॅप्टर ट्रे आणि त्याला जुळणारी केबल असं दोन्ही लागतं. विक्रेते ट्रे देतात आणि केबल विसरतात, म्हणून मागवतानाच विचारा. शिवाय इथल्या एनव्हीएमईला पीसीआयईच्या दोनच लेन (डेटा वाहणाऱ्या वाटा) मिळतात. डब्यावर लिहिलेला ३५०० किंवा ७००० मेगाबाइटचा वेग इथे मिळणारच नाही, तो ३५०० च्या निम्म्याच्या आसपास थांबेल. जेन४ ची, म्हणजे पीसीआयईच्या चौथ्या पिढीची महाग एसएसडी या लॅपटॉपसाठी घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

सॅटा सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट देते. रोजच्या कामात, म्हणजे फायली उघडणं, टॅलीचा डेटा लोड होणं, विंडोज सुरू होणं, सॅटा आणि एनव्हीएमईतला फरक हाताला लागत नाही. यंत्रात अडॅप्टर ट्रे आधीच असेल तर एनव्हीएमई घ्या, नसेल तर सॅटा घ्या आणि वाचलेले पैसे बॅटरीकडे वळवा. कार्यालयीन वापराला ५१२ जीबी पुरे. फोटो-व्हिडिओ साठवायचे तर बाहेरची डिस्क स्वस्त पडते.

आणखी एक जागा थोड्यांनाच ठाऊक असते. मोबाइल डेटाच्या कार्डासाठी ठेवलेल्या स्लॉटमध्ये २२४२ आकाराची, म्हणजे ४२ मिलिमीटर लांबीची एनव्हीएमई एसएसडी बसते. ती बी+एम खाचांची, दोन कापांची हवी. एकच खाच असलेली बसत नाही, आणि सॅटा प्रकारची चालत नाही. विंडोज तिथे आणि डेटा अडीच इंचीवर अशी मांडणी छान जमते.

जुनीच विंडोज क्लोन करायची (जशीच्या तशी उतरवायची) की नव्याने टाकायची? सेकंडहँड घेतलेल्या यंत्रात नव्यानेच टाका. टी४८० च्या बायोसमध्ये विंडोजचा परवाना बहुधा कंपनीकडूनच नोंदलेला असतो, त्यामुळे त्याच आवृत्तीची विंडोज इंटरनेटला जोडली की आपोआप सक्रिय होते. डिस्क बदलल्याने परवाना जात नाही, मदरबोर्ड बदलल्याने जातो. दुकानातून 'अ‍ॅक्टिव्हेटेड' म्हणून मिळालेली विंडोज तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, एक जागा, तिरकी रेघ आणि एक्सपीआर असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. 'कायमस्वरूपी सक्रिय' असा निरोप आला तर निदान मुदतीची चोरटी सक्रियता नाही. मुदतीची तारीख दिसली तर बहुधा कसल्यातरी क्रॅकने ती उघडलेली आहे. डिस्क पुसा आणि नव्याने टाका.

विंडोज ११ 'चालत नाही' म्हणून परत आलेले कित्येक टी४८० प्रत्यक्षात निरोगी असतात. दुकानात जुनी विंडोज लेगसी या जुन्या पद्धतीने, एमबीआर मांडणीच्या डिस्कवर टाकलेली असते, म्हणून तपासणीत सिक्युअर बूट नापास दाखवतो. विंडोज न पुसता हे दुरुस्त करता येतं. आधी डेटाची प्रत बाहेर काढा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर तात्पुरता थांबवा. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एमबीआर२जीपीटी ही आज्ञा आधी व्हॅलिडेट आणि मग कन्व्हर्ट या पर्यायाने चालवा, दोन्ही वेळा अलाउफुलओएस जोडून. मग यंत्र बंद करून एफ१ ने बायोसमध्ये जा, स्टार्टअपमध्ये यूईएफआय ओन्ली करा आणि सिक्युरिटीत सिक्युअर बूट चालू करा. व्हॅलिडेट नापास होण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कचे सी, डी, ई, एफ असे पाडलेले तुकडे. या साधनाला तीनपेक्षा जास्त प्रायमरी विभाग आणि एक्स्टेंडेड विभाग चालत नाहीत. मग डी-ई मधला डेटा बाहेर काढून ते विभाग मिटवायचे आणि पुन्हा चालवायचं.

झाकण उघडण्याआधी

टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या आहेत, एक मागून निघणारी आणि एक आत बसलेली. मागची काढली म्हणजे वीज तुटली असं समजून आत हात घालणाऱ्यांनी मदरबोर्ड जाळलेले आहेत. योग्य क्रम असा: चार्जर काढा, यंत्र रीस्टार्ट करून एफ१ दाबा, कॉन्फिगमध्ये पॉवर उघडा, 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा. यंत्र स्वतःच बंद होईल. मग बाहेरची बॅटरी काढा, दोन मिनिटं थांबा, आणि खालचे फिलिप्स स्क्रू सैल करा. ते झाकणातच अडकून राहतात, पूर्ण बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. झाकणाच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा नखाने किंवा गिटारच्या पिकने एकेक सोडवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला की कड तुटते आणि नंतर तिथून धूळ शिरते.

रॅमची पट्टी तिरपी घालून दाबायची. दोन्ही बाजूंचे चिमटे आपोआप 'टक' करून बसले पाहिजेत. काम झाल्यावर यंत्र पॉवरच्या बटणाने सुरू होणार नाही. घाबरू नका: आतली बॅटरी बंद केलेली आहे, ती चार्जर लावल्यावरच जागी होते. रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, मेमरी नव्याने जुळवून घेतली जाते. त्या वेळात बटण दाबून ठेवून यंत्र बंद करू नका.

झाकण उघडलंच आहे तर पंखा ब्रशने साफ करून घ्या. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या वाऱ्याने ती गरागरा फिरली की बेअरिंग जातं. इतक्या वर्षांत थर्मल पेस्ट वाळून भुगा झालेली असते. ती बदलताना हीटसिंकवर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने स्क्रू आवळा, नाहीतर एक बाजू उचललेली राहते आणि यंत्र पूर्वीपेक्षा जास्त तापतं.

बॅटरीचा हिशेब

आतली बॅटरी २४ वॉट-तासांची. बाहेरची तीन मापांत मिळते: २४, ४८ आणि ७२. हलक्या कामात हा लॅपटॉप साधारण ६ ते ८ वॅट घेतो, तेव्हा चांगल्या आतल्या बॅटरीला ४८ ची जोड दिली तर दिवसभराचं काम निघतं. ४८ किंवा ७२ ची घेतली तर लॅपटॉप मागून उचलला जातो. काहींना टायपिंगला तो उतार आवडतो, पिशवीत मात्र जाडी जाणवते. शहरात ४८ ची पुरेशी आहे. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे ७२ ची घ्या.

बदलण्याआधी मोजा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट. जी फाईल तयार होते तिच्यात दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारी दिसते. आत्ताची मूळच्या ६० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बदला. आधी बाहेरची बदला, ती विनाहत्यार निघते. आतली फुगलेली असेल, टचपॅड वर आलेला किंवा दाबायला घट्ट झाला असेल, तर थांबूच नका. चार्ज करणं बंद करून ती काढा, तिला टोचू नका, आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या, घंटागाडीत नाही.

स्वस्त नकली बॅटऱ्यांवर ७२ छापलेलं असतं आणि आत निम्मं असतं. बॅटरी रिपोर्ट पहिल्याच दिवशी काढून ठेवा, पूर्ण चार्ज-डिस्चार्ज दोनदा करून पुन्हा काढा. तफावत मोठी असेल तर परताव्याची मुदत संपायच्या आत परत करा. लॅपटॉप कायम चार्जरला लावून वापरणाऱ्यांनी लेनोवो व्हँटेजमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधावी. बॅटरी दीर्घकाळ टिकण्यासाठी याहून सोपा उपाय नाही.

या लॅपटॉपचं खरं दुखणं

टी४८० चार्ज होतो तो फक्त डाव्या बाजूच्या दोन यूएसबी-सी पोर्टांमधून, आणि ते दोन्ही मदरबोर्डवर झाळलेले आहेत. वायरीत पाय अडकून पोर्ट हलला की दुरुस्ती मदरबोर्डच्या पातळीवर जाते. म्हणून अपग्रेडचा एकही रुपया घालण्याआधी दोन्ही पोर्टांत चार्जर लावून बघा, वायर हळूच वरखाली हलवा. चार्जिंगचा दिवा मिचकत असेल किंवा एकच पोर्ट चालत असेल तर तो लॅपटॉप अपग्रेडला लायक नाही. एक पोर्ट चालतोय म्हणून भागतंय असं वाटेल, पण तोही त्याच वापरातून गेलेला आहे.

दुसरं दुखणं सॉफ्टवेअरचं. या काळातल्या थिंकपॅडांच्या थंडरबोल्ट कंट्रोलरच्या (यूएसबी-सी पोर्ट हाताळणाऱ्या चिपच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होता: तो वारंवार आपल्याच मेमरी चिपवर लिहीत राहायचा, कालांतराने ती चिप खराब व्हायची आणि यूएसबी-सी, कधी एचडीएमआयसुद्धा मरायचे. लेनोवोने दुरुस्त फर्मवेअर दिलेलं आहे. पोर्ट चालू असतानाच ते चढवा, मेल्यावर ते चढवता येतंच असं नाही. लॅपटॉप हातात आल्यावर विंडोजनंतरचं पहिलं काम हेच.

पडदा: कधी बदलायचा

स्वस्तातल्या कित्येक टी४८० ला १३६६ बाय ७६८ चा पडदा असतो. रंग फिके, बाजूने बघितलं की काळवंडणारा, आणि एक्सेलच्या ओळी मोजक्याच दिसतात. याच जागी ३० पिनांचा १९२० बाय १०८० चा आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा) पॅनेल त्याच केबलवर बसतो. टच आणि त्याहून वरच्या रेझोल्यूशनच्या पडद्यांची केबल वेगळी, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पडदा बदलताना आतली बॅटरी बंद केली नाही तर कनेक्टर काढताना ठिणगी पडून मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज उडतो, आणि मग नव्या पडद्यावर अंधुक चित्र दिसतं, उजेड नाही. बाहेरचा मॉनिटर वापरणाऱ्याने पडद्यावर खर्च करूच नये. विकत घेणाऱ्याने सुरुवातीलाच फुल एचडी मॉडेल शोधावं, थोडे जास्त गेले तरी चालतील.

नवा कधी घ्यायचा, आणि कुठला नाही

एसएसडी, ८ जीबीची पट्टी आणि बाहेरची बॅटरी, इथपर्यंतचा खर्च समर्थनीय आहे. त्याच्यावर पडदा, कीबोर्ड आणि बिजागरीही आली की थांबा. समजा ४५,००० चा नवा लॅपटॉप मनात असेल, तर जुन्यावर १५,००० च्या पुढे जाऊ नका. कारण मदरबोर्ड जुनाच राहणार आणि तो गेला की बाकी सगळं घातलेलं सुटं होऊन पडेल. रॅम आणि सॅटा एसएसडी निदान दुसरीकडे वापरता येते, बॅटरी आणि पडदा नाही. पैसे घालताना हाही विचार करा.

काम बदललं असेल तर मात्र नवाच घ्या. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय ड्रॉइंग, मोठ्या फायलींवर फोटोशॉप यासाठी टी४८० चं ग्राफिक्स अपुरं आहे. त्यात एव्ही१ या नव्या प्रकारचा व्हिडिओ उलगडण्याची सोय चिपमध्ये नाही, त्यामुळे यूट्यूबवर ४के बघताना प्रोसेसरच राबतो आणि पंखा वाजतो. कॅमेरा ७२० पीचा आणि साधाच आहे, रोज तासन्‌तास ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्याला बाहेरचा लावावा लागेल.

पण 'नवा' म्हणजे आपोआप चांगला नव्हे, आणि बजेटच्या टोकाला तर अजिबात नाही. सेलेरॉन एन४५०० सोबत ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी (एसएसडीहून संथ) साठवण असलेला नवा लॅपटॉप एसएसडी घातलेल्या टी४८० पुढे टिकत नाही. एएमडीचा रायझन ३ ७३२०यू बघा. ७००० मालिकेतलं नाव, पण तिसरा आकडा २, म्हणजे आतली रचना झेन २, २०१९ सालची. आणि तो फक्त एलपीडीडीआर५ मेमरी घेतो, जी कायम झाळलेलीच असते: ८ जीबीचा घेतला तर जन्मभर ८ जीबी. त्या मालिकेत तिसरा आकडा ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. निदान ३ बघून घ्या. इंटेलमध्ये आय३-१२१५यू ही आमची खालची मर्यादा. त्यात दोन जोरदार आणि चार काटकसरी कोअर आहेत आणि एव्ही१ उलगडण्याची सोयही आहे. रॅमचा निदान एक स्लॉट उघडा आहे का, पडदा आयपीएस आहे का, हे दोन प्रश्न विकणाऱ्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

टी४८० सेकंडहँड घेताना

दुकानात एफ१ दाबून बायोस उघडा. पासवर्ड मागितला तर तिथेच परत करा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून जात नाही. तो काढायला चिप नव्याने लिहावी लागते किंवा मदरबोर्ड बदलावा लागतो. बायोसमध्ये शिरता आलं की सिक्युरिटीखाली कॉम्प्युट्रेस किंवा अ‍ॅब्सोल्यूट (मालकाला यंत्र दुरून शोधू-बंद करू देणारी सोय) 'अ‍ॅक्टिव्हेटेड' नाही ना, ते बघा. मग विंडोज रीसेट करून, वायफायला जोडून पहिला सेटअप चालवा. तिथे एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितलं तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीतून सुटलेलं नाही. विंडोज कितीदाही टाकली तरी ते पान परत येईल. दुकानदार म्हणेल, इंटरनेट न लावता सेटअप करा, काही होत नाही. ऐकू नका.

मग बॅटरी रिपोर्ट, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचं आयुष्य, दोन्ही यूएसबी-सी पोर्ट, एचडीएमआय, सगळी बटणं, आणि बिजागरीजवळची तडा गेलेली कड. एवढं तपासायला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ न देणाऱ्या दुकानातून काही घेऊ नये. बिलावर यंत्राचा सीरियल क्रमांक आणि वॉरंटीचा कालावधी लिहून घ्या. पोर्ट आणि मदरबोर्ड त्या वॉरंटीत येतात असं स्पष्ट शब्दांत असू द्या, कारण 'बॅटरी-चार्जर सोडून सगळं' या वाक्यात यूएसबी-सी पोर्टला चार्जरमध्ये धरणारे दुकानदार आहेत.